रॉप आला का?

"डावीकडे बघ. माझ्या डावीकडे नाही, पाण्याच्या डावीकडे."

पाण्याला डावी बाजू असते, हे लमियदला लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर आज कळलं. तिने दुर्बिणीला डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग चिखल, मग परत पापण्या.

"दिसलं काही?" प्रयोंगने विचारलं.

"पापण्या."

"कोणाच्या?"

"पक्ष्याच्या असतील. नटून आलाय."

नवरा स्टुलावर ताठ बसला होता, पण तोंड भलत्याच दिशेला. समोर त्यांच्या मिठागराचा सगळ्यात खालचा, समुद्राकडचा वाफा. आजूबाजूच्यांनी पावसाचं पाणी कधीच काढून टाकलं होतं आणि वाफ्यांवर रूळ फिरवायला घेतले होते. आठवड्याभरात त्यांची जमीन पाटासारखी गुळगुळीत होणार, मीठ धरायला तयार. आणि यांच्या वाफ्यात घोटाभर पाणी तसंच, कारण पक्ष्यांना चिखल मऊ लागतो. पक्ष्यांना! बायकोला काय लागतं, ते या माणसाने शेवटचं कधी विचारलं होतं?

"बारीक बघ. चिमणीएवढा. चोचीच्या टोकाला चमचा."

"चिमणीएवढे इथे दोनशे आहेत. सगळ्यांची तोंडं चिखलात. चमचे वर करा म्हणून ओरडू?"

"ओरडू नकोस, उडतील."

"उडू देत. मला घरी तरी जाता येईल."

"उजव्या पायात हिरवी झेंडी," प्रयोंग शांतपणे म्हणाला. सकाळपासून बाराव्यांदा. "झेंडीवर रॉप."

*तारीख*

सहा हिवाळ्यांपूर्वी प्रयोंगला याच वाफ्यात तो पक्षी दिसला होता. पायात नखाएवढी झेंडी, झेंडीवर दोन अक्षरं: र आणि ब. त्यांच्या भाषेत ती जोडून वाचली की शेवटच्या ब चा प होतो आणि शब्द बनतो रॉप. म्हणजे लढ.

"एवढ्याशा जिवाला कोणीतरी लढ म्हणून पाठवलंय," असं तो त्या दिवशी जेवतानाही म्हणत होता, झोपतानाही.

मग दर वर्षी तेच. ऑक्टोबर सरता सरता रॉप यायचा. प्रयोंग वहीत तारीख लिहायचा आणि शेजारी झेंडी काढायचा, अक्षरं जशीच्या तशी. राजधानीच्या विद्यापीठातून मुक नावाची पोरगी यायची, त्या पानाचा फोटो काढून न्यायची. मग दुर्बिणी खांद्यावर घेतलेले इतर लोक यायला लागले. या माणसाने चाळीस वर्षं मीठ ओढलं, तेव्हा कोणी त्याचं नाव विचारलं नव्हतं. पक्षी दाखवायला लागल्यावर मात्र शिकलेसवरलेले लोक हात जोडून "लुंग, लुंग", म्हणजे काका, काका, करत त्याच्या मागे बांधावरून घसरत चालायचे. लमियदला राग यायचा तो त्यांच्या बुटांच्या चिखलाचा. नवऱ्याची मान तेवढी वर झालेली बघून ती तो चिखल धुऊन काढायची.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. प्रयोंगला समोरचा भात दिसायचा, कारण तो पांढरा होता. त्यावरचा मासा हाताने चाचपावा लागायचा.

आणि हा ऑपरेशनला तयार नाही. "आधी तो येऊ दे. मग डोळे काढा, नाहीतर बटणं बसवा." ऑपरेशननंतर महिनाभर ऊन नको, वारा नको, खारं पाणी नको, आणि मिठागरावर या तिघांशिवाय आहे काय? एक तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीची गेली, दुसरी शेवटाची गेली. दवाखान्यातली नर्स मावशीला मारावी तशी हाक मारत लमियदला म्हणाली, "पा, या गुरुवारी नाही आलात तर पुढची तारीख सोंगक्राननंतर. तोवर मोतीबिंदूचा दगड होईल. मग डॉक्टरांच्याही हातात काही राहणार नाही."

सोंगक्रान, म्हणजे नवं वर्ष, एप्रिलमध्ये. आज नोव्हेंबरातला मंगळवार.

*फोन, अर्धा*

मे महिन्यात मुकचा फोन आला होता. लमियद तेव्हा उखळात मिरच्या कुटत होती. तिला फक्त नवऱ्याची बाजू ऐकू आली.

"हां, बोल पोरी... कोण?... कोण म्हणालीस?... अरेरे... जाळ्यात? च्... आता रडू नकोस. रडून काय होणार?... हो, चांगलाच असणार... अगं, एवढे असतात, त्यातला एक गेला... रॉप येईल की हिवाळ्यात. ये तेव्हा. पा तुला बांगडा तळून देईल."

फोन ठेवून तो म्हणाला, "तिचा कुठलातरी पक्षी मेला. लहान आहे, जीव लावते."

"बांगडा तळायचं मला विचारलंस?" लमियद म्हणाली. त्यावरून दोघांचं वाजलं आणि पक्षी बाजूला राहिला.

*मंगळवार दुपार*

प्रयोंग जेवायला घरी गेला आणि जाताना बायकोला पहाऱ्यावर बसवून गेला. ती डोक्यावर टॉवेल टाकून बसली होती, तेवढ्यात बांधावरून मुक आली.

"पा! तुम्ही? दुर्बिणीवर?"

"शिक्षा भोगतेय. मागच्या जन्मी कोणाचं घरटं मोडलं असेल."

मुक हसली, स्वतःची दुर्बीण उभी केली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "आलेत की! ते बघा, तीन रॉप."

"तीन कसे? रॉप एकच आहे."

"असं काय करता? चमच्यासारख्या चोचीच्या पक्ष्याला तुम्ही मिठागरातले लोक रॉपच म्हणता ना?"

"कोण म्हणतं? मी तर त्याला लोढणं म्हणते. रॉप त्या एकाचं नाव. झेंडीवर लिहिलेलं असतं ना!"

"झेंडीवर?"

शिकलेल्या माणसांना सगळं दोनदा सांगावं लागतं. लमियदने काडी घेतली आणि ओल्या बांधावर नवऱ्याच्या वहीतल्यासारखी दोन अक्षरं ओढली. "हा र. हा ब. वाच आता."

मुकने बघितलं. मग ती चिखल न बघता खाली बसली.

"पा, हे इंग्रजी आहे. एस. यू."

लमियदने मान तिरकी करून पाहिलं. शाळेतल्या पुस्तकात त्यांच्या लिपीतल्या र आणि ब दोघांनाही टोकाला गोल गाठी होत्या, हे तिला आठवत होतं. पण हल्लीच्या पाट्यांवर अक्षरांच्या गाठी छाटून टाकतात. मोबाइलच्या दुकानावरचा र काय आणि इंग्रजी एस काय, ब काय आणि यू काय, एका आईची पोरं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस पाटी वाचतो तसं वाचणार.

"बरं, एस-यू तर एस-यू," ती म्हणाली. "आलाय का तो? तेवढं सांग. मला गुरुवार गाठायचाय."

"पा, मे महिन्यात मी लुंगना फोन केला होता," मुक म्हणाली.

*फोन, उरलेला अर्धा*

"लुंग, मी मुक... एस-यू गेला, लुंग... आपला एस-यू... उत्तरेकडे, मासे धरायच्या जाळ्यात. तिथल्या लोकांनी झेंडीचा फोटो पाठवला... तुम्ही इतकी वर्षं त्याची नोंद ठेवलीत, म्हणून सगळ्यांत आधी तुम्हाला... फार चांगला होता हो... हो, लुंग. नाही रडत... हो, येईन."

*मंगळवार दुपार, पुढे*

"मे महिन्यात!" लमियद उभी राहिली. "मे महिन्यात मेला, आणि हा माणूस ऑक्टोबरपासून इथे स्टूल घेऊन बसलाय! दोन तारखा घालवल्या!"

"मला वाटलं, लुंगना कळलंय. मला वाटलं, किती धीराचे आहेत. त्यांनीच माझी समजूत काढली."

"समजूत काढली! घरचं माणूस गेलं आणि हा गाढव शेजाऱ्याची समजूत काढून आला!"

ती बांधावर चार पावलं गेली, परत आली, परत गेली. मग हळूच मुक म्हणाली, "पा, आत्ता नका सांगू. आला म्हणा. मीही म्हणते. ऑपरेशन होऊ दे."

लमियदने हा विचार आधीच केला होता. फक्त तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला त्याची लाज वाटली. पण गुरुवार तर गुरुवार.

*मंगळवार, ऊन उतरताना*

"आला," ती घरात शिरताना म्हणाली.

प्रयोंगने रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं. केस ओले करून मागे फिरवले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून एवढ्या भराभर चालला की लमियदचीच चप्पल चिखलात अडकली.

"कुठे?"

"तिकडे. त्या खुंटाजवळ." खुंटाजवळ काहीही नव्हतं. पलीकडच्या बांधावर मुक पाठ करून उभी होती आणि उगाचच वहीत लिहीत होती.

प्रयोंगने दुर्बीण डोळ्याला लावली. एक डोळा, मग दुसरा. लमियद त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता म्हणेल, दिसत नाही. आता चिडेल, आणि मग तिलाही चिडता येईल.

"दिसला," तो म्हणाला. "हां. तोच. चाल बघ, लढाईला निघाल्यासारखी."

तो बोट दाखवत होता तिथे पाण्यावर प्लास्टिकची निळी पिशवी हलत होती.

बायकोचं खोटं एक वेळ चाललं असतं. ती गेली सदतीस वर्षं लहानमोठं खोटं बोलतच आली होती; माशाच्या ताजेपणाबद्दल, त्याच्या बहिणीबद्दल. पण हा माणूस पक्ष्यांच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. लोक लांबून यायचे आणि हा "नाही दिसला" असं त्यांच्या तोंडावर सांगायचा, उपाशी परत पाठवायचा. आणि आता तो पिशवीकडे बघून दिसला म्हणत होता, तिच्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.

"ए म्हाताऱ्या," ती म्हणाली. "ती पिशवी आहे."

त्याने दुर्बीण काढली नाही.

"आणि आला म्हणाले ते मी खोटं बोलले. रॉप नाही आला. येणार पण नाही. बस खाली, सांगते."

तिने सांगितलं. एस आणि यू सांगितलं, पाटी सांगितली, जाळं सांगितलं. तिला हळुवार सांगता येत नव्हतं, त्यामुळे भांडल्यासारखंच सांगितलं. मध्येच, "आणि तुला एवढं पण विचारता येत नाही का, की बाई गं, एस-यू म्हणजे कोण?" असंही झालं.

त्याने चाचपत दुर्बिणीचं टोपण लावलं.

"ती फोनवर रडत होती," प्रयोंग म्हणाला.

"हो."

"मी म्हटलं, एवढे असतात, त्यातला एक गेला."

लमियदकडे याला उत्तर होतं. तिच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं. ते तिने गिळलं.

त्याने पँटवरचा चिखल झटकला, जो तिथे नव्हता. "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

"साडेसहाला."

"बरं," तो म्हणाला, आणि पलीकडच्या बांधाकडे तोंड करून, डोळे पुसत जोरात ओरडला, "पोरी! वारा सुटलाय! जेवायला चल!"

वाऱ्याने एक पानही हलत नव्हतं.

*गुरुवार*

लमियदने पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. प्रयोंग काळा घालून बाहेर आला. तो सदरा फक्त मयताला बाहेर निघायचा, विहारात जाताना.

"दवाखान्यात चाललोय आपण."

"माहीत आहे."

"नर्स घाबरेल."

"घाबरू दे."

भांडायला वेळ नव्हता. मागे दोन बाकं टाकलेली सोंगथेव गाडी रस्त्यावर भोंगा वाजवत होती. आत बाजाराला निघालेली एक बाई मांडीवर केळ्यांची टोपली घेऊन बसली होती. तिने प्रयोंगच्या सदऱ्याकडे पाहिलं, सरकून जागा दिली.

"लुंग, कोण गेलं हो?"

लमियदने कपाळाला हात लावला. सकाळी सकाळी हे.

"ओळखीचं होतं एक," प्रयोंग म्हणाला.

"वय झालं होतं?"

"जूनमध्ये सहा पुरी झाली असती."

बाईचा हात टोपलीवरच थांबला. "अगं बाई," ती म्हणाली. मग टोपली पायाशी ठेवून तिने हात जोडले आणि कपाळाला लावले. समोरच्या बाकावरच्या माणसाने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. "काय झालं हो?"

"जाळ्यात अडकलं. पाण्यात."

अहो बाई, पक्षी होता तो, चिमणीएवढा. लमियदच्या अगदी जिभेवर आलं होतं. नाहीतर ही बाई बाजारभर सांगत सुटणार, आणि संध्याकाळपर्यंत दारात लोक. तिने तोंड उघडलं. प्रयोंग ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, पांढरट डोळे मागे पळणाऱ्या रस्त्याकडे.

"तुमच्याकडेच असायचं का?" बाईने हलक्या आवाजात तिला विचारलं.

"नाही," लमियद म्हणाली. "थंडीत यायचं."