सात नंबरच्या खाटेजवळची खुर्ची

मित्रांनो, मला जुनी म्हटलेलं चालतं, मोडकी म्हटलेलं मात्र नाही. मी दवाखान्यातली लाकडी खुर्ची. माझा मागचा एक पाय जन्मापासूनच जरा आखूड. मला घडवताना सुताराचं लक्ष कुठे होतं कोण जाणे! त्यामुळे कोणी बसलं की मी 'टक' करते. लोक वैतागायचे, "बदला हो हिला!" पण वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, "राहू दे. टक झालं की मला कळतं, सात नंबरला कोणीतरी आलंय."

माझ्यावर किती जण बसून गेले! कोणी जप करायचं, कोणी रुमाल पिळत बसायचं, कोणी आजाऱ्यासाठी आणलेली संत्री सोलून स्वतःच खायचं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आमच्याच वाट्याला का?" त्याचं उत्तर मी काही ऐकलं नाही.

मग सात नंबरला एक शिंपी आला. त्याला सगळे मास्तर म्हणत. घशाच्या आजाराने त्याचा आवाज फुंकरीएवढा उरला होता. त्याचं हक्काचं माणूस एकच, थोरली बहीण आक्का. ती रोज चारला यायची आणि सहापर्यंत उभी राहायची. "तो बरा होईपर्यंत त्याच्यासमोर बसणार नाही," असं ती देवाला बोलली होती. पाय सुजून चपलेत मावेनात, पण ही ढिम्म! वर त्याला समजावायची, "आपलंच काहीतरी चुकलं असेल, बाबा. देव उगीच नाही दुखणं देत." मास्तर काहीतरी पुटपुटायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी आपली रिकामी. मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी डॉक्टरांनी आक्काला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता थोडेच दिवस. ती परत आली ती आणखीच ताठ उभी राहिली आणि देवाचं नाव घेऊ लागली. मास्तरने ओठ हलवले. "आक्का... आता बस."

आक्काचा चेहरा खर्रकन उतरला. रुमाल तोंडाशी धरून ती दाराकडे धावली. "सिस्टर, त्याने आशा सोडली हो! देवाचं नाव घेतलं तर बस म्हणतो!"

सिस्टर आल्या, मास्तरच्या तोंडाशी कान नेला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मला पायाने पुढे सरकवत म्हणाल्या, "अहो, तो तुम्हाला खाली बसायला सांगतोय!"

"पण मी देवाला शब्द दिलाय."

"देवाचं तुम्ही बघून घ्या. याचा आवाज उभ्या माणसापर्यंत पोचत नाही, एवढं मला दिसतंय."

आक्काने डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि ती बसली. टक! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आखूड पायाचा अभिमान वाटला.

मास्तर हसला. "माप झालं," गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो कुजबुजला, "आता हललीस तरी चालेल." मग त्याने विचारलं, "आक्का, माझं काय चुकलं गं?"

इतके दिवस तो हेच विचारत होता. आक्काचं रोजचं उत्तर तयार होतं, पण एवढ्या जवळून त्याचा चेहरा बघताना ते तिच्या तोंडातून निघेना.

"काही नाही रे," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. हे का आलं, मला नाही कळत. फार दुखतंय?"

"हो."

"मी आहे हं."

त्यानंतर ती रोज बसली. माझ्या पायाखाली घालायला तिने कापडाची घडी आणली, तर मास्तरने मानेनेच नको म्हटलं. डोळे मिटलेले असले तरी 'टक' ऐकलं की त्याला ती आल्याचं कळायचं. दहाव्या दिवशी खाट मोकळी झाली. आक्का बराच वेळ माझ्यावर बसून होती. मग हात जोडून म्हणाली, "देवा, माझा शब्द मोडला. पण मला बसवलंस ते तूच ना?"

आता वॉर्डात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि मी अडगळीच्या खोलीत, बादल्यांच्या शेजारी. कोणी धूळ पुसली तर आवडेल मला, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मागणं वेगळंच आहे. आजारी माणसाजवळ उभ्या उभ्या देवाच्या मनातलं सांगू नका. लंगडी का असेना, एक खुर्ची ओढा. आणि तो 'बस' म्हणाला, तर आधी बसून बघा.