माय काय म्हणाली

"दोन शब्द तुलेच बोलाचे हायेत, चंद्रकुमार," श्यामराव गुरुजी म्हणाले. "दिग्दर्शक साहेबायचे अकराही सिनेमे पाहणारा तुमसरात दुसरा कोन हाये? अन् तुझी माय तर सिनेमात होती."

"होती जी," चंद्रकुमार म्हणाला आणि त्याने हमालाला राइस मिलच्या काट्यावर पुढचं पोतं चढवायला सांगितलं.

त्या मोठ्या दिग्दर्शकाची शोकसभा संध्याकाळी वाचनालयात होती. माणूस मोठाच, वादच नाही. त्याचे तीन सिनेमे चंद्रकुमारला तोंडपाठ होते. दोन अजिबात कळले नव्हते, आणि नेमकी त्यांनाच परदेशात बक्षिसं मिळाली होती. खाणीवरचा एक मात्र त्याला बघवतही नसे आणि सोडवतही नसे.

तो सिनेमा नाकाडोंगरीला चित्रित झाला, तेव्हा चंद्रकुमार नऊ वर्षांचा होता. शूटिंग बघायला आलेल्या त्याच्या मायला, सत्यभामाबाईंना, साहेबांनी कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "घर सोडून निघालेल्या मुलाला कसं थांबवाल, तसं बोला. तुमच्याच शब्दांत." तिने हिरोकडे पाहिलंच नाही. कॅमेऱ्याशेजारी उभ्या चंद्रकुमारकडे बघून ती बोलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे टॉकीजमध्ये पडद्यावर माय आली आणि भलताच गोड, शहरी आवाज बोलला, "जाऊ नकोस बाळा, मला एकटीला करमत नाही." मायचे ओठ थांबले, तरी आवाज चालूच होता. माय पदर तोंडाला लावून हसली. "थे कोन बाई बोलून राहिली रे माझ्या तोंडातून?"

दोन वर्षांनी ती गेली. तिचा साधा फोटोही घरात नव्हता. ती दिसायची ती फक्त त्या सिनेमात. म्हणून साहेबांवर धड रागावताही येत नव्हतं.

मिलमधून घरी येऊन त्याने लेकीला, अंजूला, भाषण वाचून दाखवलं. "माझी माय मले बाळा म्हणत होती..."

"बाबा, आपल्या इकडं बाळा कोन म्हणते?"

"माय म्हणे. मले पक्कं आठवते."

अंजूने मोबाइलवर तो सिनेमा लावला आणि आवाज बंद केला. "आता पाहा. बाळा म्हणताना ओठ मिटतात. आजीचे मिटून नाही राहिले."

त्याने ओठांवर बोट ठेवून स्वतः म्हणून पाहिलं. बाळा. ओठ मिटले. पडद्यावर मायचे ओठ उघडेच होते. अंजूने तीनदा मागे नेऊन दाखवलं.

"मग काय म्हणे आजी तुमाले?"

"लेका असन. नाही... राजा? थांब जरा." काही आठवेना. वर्षानुवर्षं तो सिनेमा पाहिला होता आणि दर खेपेला त्या परक्या बाईचा शब्द मायच्या शब्दावर बसत गेला होता. खालचा कधी पुसला गेला, त्याला कळलंच नाही.

"जाऊ द्या बाबा," अंजू म्हणाली. त्याला रडू आवरत नव्हतं.

संध्याकाळी भाषणाचा कागद खिशातच राहिला. "साहेब मोठे होते," तो म्हणाला. "त्यायच्यामुळं माय मले दिसते." एवढंच बोलून तो मागे सरला.

मग सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. दोन मिनिटं वाचनालयात पंख्याचा तेवढा आवाज होता. सगळ्यांच्या माना खाली होत्या. चंद्रकुमार मात्र साहेबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत आवाज न करता एकेक शब्द म्हणून पाहत होता. राजा. लेका. सोन्या. पडद्यावरच्या मायसारखेच त्याचे ओठ एकदाही मिटले नाहीत.