मोसेसे पडत नाही

अरुणने टेप थोडी मागे नेली आणि पुन्हा चालू केली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवीस मिनिटं दहा सेकंदांवर होतं. हिरव्या जर्सीतला मोसेसे चेंडू छातीशी धरून समोरच्या तिघांच्या अंगावर सरळ धावत गेला. पडदा एकदा पांढरा होऊन थरथरला. आता घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली होती आणि मोसेसे मैदानाच्या कडेला उभा राहून पाणी पीत होता. त्याचे केस ओले होते.

अरुणने कागदावर अकरावी रेघ मारली.

ज्याची टेप होती तो मागे सोफ्यावर झोपला होता. मोसेसे छत्तीस वर्षांचा होता. आईवडील फिजीचे, जन्म सिडनीचा. सिडनीत तो नऊ सीझन रग्बी लीग खेळला. तोच त्याचा धंदा होता. मग गुडघा गेला, करार संपला, आणि २००३ मध्ये तो बायकोमुलीला घेऊन व्हर्जिनियात आला. गेली चार वर्षं तो अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरच्या गेटवर रात्रपाळी करत होता आणि सुटीच्या दिवशी जवळच्या एका छोट्या क्लबातून खेळत होता. मार्चमध्ये प्रॅक्टिसला तो उभ्या उभ्या कोसळला. दोन दिवस त्याला मुलीचं नाव चटकन आठवत नव्हतं. क्लबने एक फॉर्म दिला. डोक्याला मार लागून आजवर किती वेळा शुद्ध गेली, ते त्यात भरायचं होतं. डॉक्टर ते बघणार आणि मग ठरवणार, मे महिन्यात याला मैदानात उतरू द्यायचं की नाही.

मोसेसे म्हणाला होता, पाच. डॉक्टरांना नक्की आकडा हवा होता.

"टेप आहेत ना," तो अरुणला पहिल्या दिवशीच म्हणाला. "सगळ्या मॅच आहेत. डीव्हीडी करताना तुम्हीच मोजा, मिस्टर काका. मी पडून राहणारा प्लेयर नव्हतो."

कॅसेट द्यायला तो अरुणला इंडियन ग्रोसरीत भेटला, तेव्हा कोणीतरी अरुणला काका म्हणताना त्याने ऐकलं होतं. त्याला ते नावच वाटलं.

ऑस्ट्रेलियातल्या कॅसेट अमेरिकेतल्या व्हीसीआरवर चालत नाहीत. भारतातल्याही चालत नाहीत. अरुण आणि त्याची बायको सुमेधा यांनी नागपूरहून सगळीकडच्या कॅसेट चालवणारं मशीन आणलं होतं, आणि सुमेधा हौसेने लोकांच्या लग्नामुंजीच्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून द्यायची. इंडियन ग्रोसरीच्या बोर्डावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून होती. मोसेसेच्या बायकोने, लितियाने, अळकुड्या घेताना ती वाचली आणि फोन केला.

"सुमेधा आहेत का?"

सुमेधाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. अरुण म्हणाला, "कॅसेट घेऊन या."

पहिले दोन शनिवार त्याला वाटलं, कोणीतरी जाहिराती गाळल्या असतील. पण जाहिराती सगळ्या होत्या. पावाच्या, टायरच्या, कुत्र्यांच्या खाण्याच्या. गाळलं होतं ते दुसरंच. मोसेसे धावत जायचा, धडकायचा, पडदा पांढरा व्हायचा, आणि नंतर मोसेसे नेहमी उभा असायचा. एकदा त्याला दोघांनी काखेत धरलं होतं. एकदा तो चुकीच्या दिशेला चालत होता आणि रेफ्री त्याला वळवत होता.

दुपारी तीनपर्यंत चौदा रेघा झाल्या. बेल वाजली.

लितिया त्याला न्यायला आली होती. ती दर वेळी स्वयंपाकघरातच थांबायची, टीव्हीच्या खोलीत यायची नाही. तिने आणलेला केक ओट्यावर ठेवला.

"झोपला का?"

"घोरतोय."

"स्वतःची मॅच चालू असताना? काका, याला बघायला लोक तिकीट काढून यायचे."

अरुण हसला. मग त्याने कागद तिच्यासमोर ठेवला.

"या टेप कोणी केल्या?"

"मी. घरी, टीव्हीवरून."

"मध्ये मध्ये थांबवल्या आहेत."

लितियाने कागद उचलला नाही. रेघांवरून फक्त बोट फिरवलं.

"किती सापडले?"

"चौदा."

"सतरा," ती म्हणाली. "तीन वेळा मी मैदानावर बघायला गेले होते, त्यांच्या टेप नाहीत."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. तिने आवाज खाली आणला.

"त्याच्या आईला पाठवायच्या होत्या, फिजीला. तिच्याकडे टीव्ही होता, गाव जमायचं बघायला. तो पडला की मी बटण दाबायचे. उठला की परत चालू. आई सगळ्यांना सांगायची, माझा मोसेसे पडत नाही. ती गेल्यावर टेप आमच्याकडे आल्या. मग त्यानेही बघितल्या. किती वेळा बघितल्या असतील!"

"तो पाच म्हणतो."

"तो पाच म्हणाला. मी हो म्हटलं."

ती खुर्चीवर बसली. "पाचच सांगा, काका. हा एकच सीझन. मग तो स्वतःच सोडणार आहे. आत्ता कोणी सोडायला लावलं तर त्याच्याकडे काय राहील? ते गेट?"

अरुणने गॅस लावला. चहाचं पाणी ठेवलं. लायटर कितीतरी वेळ त्याच्या हातातच होता.

"आमच्या जिन्यात एक फोटो आहे," तो म्हणाला. "सुमेधा वर जाताना तिथे थांबायची. फोटो सरळ करायची. दर वेळी. मी खालून ओरडायचो, अगं, किती वेळा सरळ करशील? पाहुण्यांसमोर तिच्या नकला करायचो. हसायची तीही."

लितिया त्याच्याकडे बघत राहिली.

"तिला दम लागायचा. हृदयाचं होतं. तिला माहीत होतं. मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं."

पाणी उकळायला लागलं. त्याने पावडर टाकली.

"सहा महिने तो फोटो सरळच आहे," तो म्हणाला.

लितियाची मान जिन्याकडे वळली होती. इथून फोटोची फक्त खालची कड दिसत होती. मग ती उठली आणि टीव्हीच्या खोलीत गेली.

मोसेसे जागा होऊन डोळे चोळत होता. "निघायचं? काका, मोजून झालं का? पाच ना?"

"सरक," लितिया म्हणाली. ती त्याच्याशेजारी बसली. सोफा दोघांनी भरून गेला. "काका, पहिली कॅसेट लावा."

"तू कधीपासून मॅच बघायला लागलीस?"

अरुणने कॅसेट लावली आणि रिमोट तिच्या हातात दिला. मोसेसे खूश झाला. तो पडद्यावरच्या एकेकाची नावं सांगू लागला. हा आमचा कॅप्टन, हा फार चावरा, याचं आता मोटारींचं दुकान आहे. मग पडद्यावरचा तरुण मोसेसे चेंडू घेऊन धावत निघाला. पडदा पांढरा झाला आणि लितियाने तिथे टेप थांबवली.

"इथे," ती म्हणाली. "इथे त्या टकल्याचं कोपर तुझ्या कानामागे लागलं. तू तोंडावर पडलास. हात पुढे आलेच नाहीत. तुझा उजवा पाय बराच वेळ हलत होता."

मोसेसे हसला. "काहीतरीच. जाहिरात असेल तिथे."

"चार मिनिटं," लितिया म्हणाली.

त्याने अरुणकडे बघितलं. अरुण दारात उभा होता. त्याने मान हलवली नाही, नजरही खाली घेतली नाही. मग तो चहा गाळायला गेला.

ओट्याशी उभा असताना त्याला सगळं ऐकू येत होतं. गर्दीचा आवाज यायचा, तो तुटायचा, मग लितिया बोलायची. पुन्हा गर्दी, पुन्हा लितिया. दुसऱ्यांदा मोसेसे जोरात भांडला. तिसऱ्यांदा त्याने फक्त मॅच कुठली ते विचारलं. त्यानंतर तो गप्पच होता. अरुणने कप भरले, पण आत नेले नाहीत. चहावर साय धरली.

सहाव्या की सातव्या वेळी गर्दीचा आवाज तुटला. लितियाने सांगितलं. तिचं सांगून झालं, तरी टेप पुढे गेली नाही.

"आपली बेबी कुठे होती तेव्हा?" मोसेसेने विचारलं.

"माझ्या मांडीवर."

"ती बघत होती?"

अरुण टेप सुरू होण्याची वाट बघत उभा राहिला. ती सुरू झाली नाही.