दादूचं नाक

दादूनं कॅनचं झाकण उचललं, नाक आत घातलं, आणि काहीच आलं नाही. ना म्हशीचा वास, ना वैरणीचा, ना आंबूसपणा. त्यानं पुन्हा हुंगलं. मागं उभी असलेली फुलाबाई वैतागली.

"काय रं दादू, किती येळ हुंगतोस? माजी एस्टी जाईल."

"चांगलं हाय, मावशी," दादू म्हणाला आणि कॅन पुढं सरकवला. सर्दी कधीच उतरली होती, वास मात्र परतला नव्हता.

साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा किकवीच्या अलीकडं फाट्यावर ही डेअरी होती. दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे दादूचं नाक ठरवायचं. पुण्याहून आलेल्या साहेबानं गावच्या तरण्या पोरांना दुधाची भांडी हुंगायला लावून त्याला निवडलं होतं. बौद्धवाड्यातला माणूस आपल्या दुधात तोंड घालणार म्हणून गावात बरीच कुरकुर झाली. पण पुण्याला दूध फाटेनासं झालं, पैसे वेळेवर येऊ लागले, आणि कुरकुर गिळली गेली. चेअरमन आनंदरावांचंच दूध त्यानं दोनदा परत केलं होतं, रातचं शिळं मिसळलंय म्हणून. तेव्हा आनंदराव हसले होते, पण विसरले नव्हते. यंदाची सर्दीही त्यांनीच आणली होती. कॅनपाशी उभं राहून ते आठवडाभर शिंकत होते.

दादू भोरला गेला. डॉक्टर नारायणरावांनी नाकात बॅटरी मारून पाहिली.

"नाक मोकळं आहे. सर्दीचे नवे विषाणू सापडलेत परदेशात. त्यांच्या कडेनं मुकुटासारखे काटे दिसतात म्हणे. एकटा विषाणू काही करू शकत नाही, दादू. तो आपल्या पेशीवरच्या प्रथिनाला चिकटत असणार. आत शिरला, की आपल्याच पेशीला राबवून आपली पिलावळ वाढवतो. तुझ्या नाकात असंच काही झालं असावं."

"म्हंजी घरच्यांनाच राबवून घर बुडवायचं."

"तसंच."

"वास कदी यील?"

"महिन्यात येईल, वर्षात येईल, कदाचित नाहीच येणार. खरं सांगू? मला ठाऊक नाही."

दादूनं हे फक्त बायकोला, अंजनाला सांगितलं. वास गेला म्हणजे नोकरी गेली, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. तो रोज झाकणं उचलत राहिला, ओळखीच्या माणसांच्या भरवशावर हो म्हणत राहिला. मग एक दिवस पुण्याला गाडीभर दूध तापवताना फाटलं. कुणाच्या कॅननं घात केला, हे ज्याला सांगता आलं असतं तो एकटा दादू होता, आणि त्यालाच सांगता येत नव्हतं.

सकाळी डेअरीपुढं माणसं जमली. दादूनं हात जोडले.

"चेअरमन, चूक माजी हाय. सर्दीनं माजा वास गेलाय, म्या लपवलं. डॉक्टरास्नी इचारा. बारीक इषाणू असतो, डोळ्याला दिसत न्हाई, ह्याचा त्याला लागतो."

"सर्दी मला न्हाई झाली? माजं नाक कुठं गेलं?" आनंदराव म्हणाले. "दिसत न्हाई म्हणं, आन लागतो!"

सगळे खदखदून हसले. मग गेनबा पुढं आला. त्याला ही नोकरी पहिल्यापासून हवी होती.

"मी तवाच म्हनलं हुतं. असल्याचा हात लागल्यावर दूध नासनार न्हाई तर काय?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. माना हलल्या. न दिसणारं काहीतरी एका माणसाकडून लागतं आणि चांगलं ते नासवतं, यावर त्या मंडळींचा पूर्ण विश्वास होता. फक्त सर्दीवर नव्हता. दादूला वाटलं, आपण खरं बोललो हेच चुकलं. त्याला स्वतःची चीड आली आणि त्यांची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवसापासून झाकणं गेनबा उचलू लागला. अंजना घरच्या म्हशीचं दूध घेऊन गेली, तर त्यानं झाकणाला हातसुद्धा लावला नाही. "तुमचं नगं," एवढंच म्हणाला. ती उन्हातून तशीच परत आली आणि तिनं दूध चुलीवर ठेवलं. दादू समोर येऊन बसला. दोघं पातेल्यात बघत राहिली.

दूध तापलं, फेसाळत कडेपर्यंत चढलं. फाटलं नाही.

"चांगलं हाय," अंजना म्हणाली.

ते बघायला घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं.