हिद्दच्या फिटरने काढलेली चूक

"मॅगी, हा आकडा चुकलाय."

"मग पुन्हा करा," कोळंबी सोलता सोलता बायको म्हणाली.

"माझा नाही गं. प्रोफेसरांचा."

सुटीच्या शुक्रवारची मिसा आटोपून रेमंड डाबरे बहारीनमधल्या माहूजच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसला होता. वडील अचानक गेले तेव्हा वसईत गणिताची एमएस्सी अर्धवट टाकून तो बहारीनला आला. हिद्दच्या वर्कशॉपमध्ये पंप उघडण्यात सव्वीस वर्षं गेली, पण गणित सुटलं नाही. गेली सहा वर्षं तो इंटरनेटवर एका परदेशी प्रोफेसरांची व्याख्यानं ऐकून स्ट्रिंग थिअरी शिकत होता.

सगळं जग अतिसूक्ष्म तारांच्या कंपनांतून घडलंय, असं ही थिअरी मानते. खरं-खोटं अजून कुणी दाखवलेलं नाही. पण त्या तारांसाठी जादा मिती लागतात, आणि त्या मिती ज्या आकारांत गुंडाळलेल्या असतात, त्यांच्यावर किती वक्ररेषा बसतात हे मोजताना भले भले गणिती अडले होते. भौतिकवाल्यांनी अशा आकाराला एक जोडीदार शोधून दिला. तिथे तीच मोजणी सोपी झाली. रेमंडला वेड लागलं ते याचं.

त्याच प्रोफेसरांनी नव्या निबंधात एकाच रेषेवरून दोनदा गेलेली वक्ररेषा वेगळी म्हणून मोजली होती. रेमंडने तीनदा तपासलं आणि त्यांना ईमेल लिहिली, खाली सहीत नावापुढे आपलं कामही लिहिलं.

"डॅड, डोन्ट राइट पंप फिटर," मुलगी क्रिस्टल म्हणाली. "दे वोन्ट ईव्हन रीड इट."

"मग काय लिहू? आहे ते आहे."

सतरा दिवस उत्तर आलं नाही. रेमंडला स्वतःच्याच गणिताची शंका येऊ लागली. त्याने सगळं पुन्हा सोडवलं. अठराव्या दिवशी डबा खाताना उत्तर आलं. 'डॉक्टर डाबरे, चूक आमचीच. निबंधात तुमचे आभार मानायचे आहेत. तुमचं विद्यापीठ कोणतं?'

तेलकट बोटं पुसून त्याने उत्तर टाइप केलं, 'मी डॉक्टर नाही. विद्यापीठही नाही. सही केली आहे तेच लिहा.'

महिन्याभराने सुधारलेला निबंध आला. वर्कशॉपमध्ये बरोबरीचा फिटर जुनैद याने फोन हातातून घेऊन आभारांची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "रेमंड डाबरे, पंप फिटर, हिद्द, बहारीन."

माणसं गोळा झाली. आकडे कुणालाच कळले नाहीत. जुनैदने फोरमनची खुर्ची ओढून आणली आणि स्वच्छ फडक्याने पुसली.

"बैठो, रेमंडभाई."

रेमंड संकोचून टोकावर बसला. बाकीचे उभेच राहिले.