उगमाचा रकाना

“मंत्रतोड दिवा लावून उपयोग नाही,” सुहास म्हणाला. “डोहातल्या मुलीची शक्ती मंत्राची नाहीच. दिलेली आहे.”

इर्शाद दारातच थांबला. आज खेळ नाही, असं सुहासने सकाळी कळवलं होतं. इर्शाद फक्त आपली वही न्यायला कामशेतहून लोणावळ्याला आला होता. आणि इथे तर टेबलाभोवती पाच अनोळखी माणसं फासे घेऊन बसली होती. सुहासने घराच्या वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायला काढल्या होत्या, ही त्यातलीच गिऱ्हाइकं असणार. वही सुहाससमोर उघडी होती.

हा खेळ बैठा. फासे, कागद, पेन्सिली, एवढंच सामान. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातले वीर होतात आणि राक्षसांशी लढतात. चौदा वर्षं दर रविवारी सुहास गोष्ट रचत आला आणि इर्शाद राक्षस सांभाळत आला.

सांभाळणं हा इर्शादचा धंदाच होता. देहूरोडच्या डेपोत तो स्टोअरकीपर. गंजका बोल्ट तळहातावर ठेवला की तो कुठल्या खान्यातला, हे मान वर न करता सांगायचा. त्याची बायको हुमेरा म्हणायची, यांना जन्नत मिळाली तरी आधी तिथल्या कपाटांना नंबर घालतील.

पूर्वी खेळात दर रविवारी भांडणं व्हायची. राक्षस आग ओकला की कुणीतरी मंत्रतोड दिवा लावायचं, आणि मग आग विझली की नाही यावर चहा गार व्हायचा. ते भांडण इर्शादने कायमचं मिटवलं. त्याने वहीत प्रत्येक शक्तीपुढे उगमाचा रकाना आखला. अंगची शक्ती जीव असेपर्यंत राहते, सापाच्या विषाला दिवा काय करणार? मंत्राची शक्ती मंत्राने तुटते. दिलेली शक्ती मात्र देणाऱ्याच्या हातात असते. त्याने परत घेतली, किंवा तो मेला, तरच संपते. वहीत आता तीनशे बारा राक्षस होते आणि एकही रकाना रिकामा नव्हता. याचा त्याला खुळ्यासारखा अभिमान होता.

“मग ही शक्ती दिली कुणी?” टोपीवाल्या मुलाने विचारलं.

“तिच्या आईने. म्हातारी औंढ्यात राहते. रोज संध्याकाळी काठावर जाऊन हाका मारायची, त्या हाकांतून बुडालेल्या पोरीला आवाज मिळाला.” सुहासने वहीत बघितलं, गळा बारीक केला आणि म्हणाला, “आये, पानी लय गार हाय गं.”

सगळे खो खो हसले.

“मग सोपंय की! म्हातारीला उडवा!” टोपीवाला म्हणाला आणि त्याने फासे हातात घेतले.

ते वहीचं शेवटचं पान होतं. ती म्हातारी चिमाबाई होती.

इर्शादचे वडील युनूस गावोगाव हिंडून बांगड्या भरायचे. औंढ्याच्या चिमाबाईंनी त्यांना भाऊ मानलं, म्हणून त्या इर्शादच्या आत्या. भुताखेतांच्या गोष्टी तो त्यांच्याकडूनच गोळा करायचा. त्याचे रकाने ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मात्र त्या हसल्या नाहीत. नऊ वर्षांची लेक डोहात गेली ती गोष्ट त्यांनी सांगितली.

“मीच दिला तिला आवाज. रोज हाक मारायचे, म्हून ती ओ द्यायची. मंग एक दिस म्हनलं, निजू द्यावं पोरीला. जायचीच बंद झाले. हे लिवू नगंस हां, बाबा.”

“नाही लिहीत, आत्या.”

त्याला खरंच लिहायचं नव्हतं. पण आलेली वस्तू नोंदीशिवाय पडून राहिली की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. तीन दिवस त्याने दम धरला. चौथ्या दिवशी लिहिलं. ठिकाण: औंढे. बोल: पानी लय गार हाय. उगम: दिलेली. देणारी: आई. खाली लाल शाईने लिहिलं, हा खेळायचा नाही. वही कॉम्प्युटरवर उतरवून देतो असं सुहास म्हणाला, तेव्हा इर्शादने ते पान दाखवून बजावलंही होतं. सुहासने छातीवर हात ठेवला होता. “वेडा आहेस का? मला कळत नाही का एवढं?”

“सुहास,” इर्शाद आता टेबलाशी आला. “ते पान...”

“अरे, ये ये! हे आमचे इर्शादभाई. सगळी वर्गवारी यांचीच.”

“लाल शाईने लिहिलं होतं मी.”

सुहासचं हसू जरा उतरलं. “नाव घेतलं का मी कुणाचं? आणि देणारा मेला की शक्ती संपते, हा नियम कुणाचा? तुझाच ना?”

सुहासने केसाने गळा कापला होता, आणि केस इर्शादनेच पुरवला होता. चौदा वर्षांचा मित्र!

तेवढ्यात त्याला स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे दिसला. ट्रे प्रेरणाच्या हातात होता. चिमाबाईंची नात, रविवारी इथे कामाला यायची. तिने एक थेंब न सांडता ट्रे खाली ठेवला, ओढणी घेतली आणि मागच्या दाराने निघून गेली. इर्शादने वही ओढून घेतली आणि तिच्यामागे धावला, पण ती बसलेली रिक्षा तोवर वळणावर पोचली होती.

तो औंढ्याला पोचला तेव्हा चिमाबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. प्रेरणा दाराला टेकून उभी होती. सांगायचं ते सांगून झालं होतं.

“आत्या...”

“हसली का रं माणसं?”

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. “हसली.”

“आन् मला मारायला निगालीती?”

“खेळात, आत्या.”

“तू लिवलंस व्हय?”

“फक्त माझ्यापुरतं लिहिलं होतं.”

“मी बी तुज्यापुरतंच सांगितलंतं की,” चिमाबाई म्हणाल्या. “मंग कागदाला कशापायी सांगितलंस?”

त्याने शेवटचं पान फाडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मला कुटं वाचाया येतंय. आन् आता फाडून काय व्हनार?”

पान त्याच्या हातातच राहिलं. पाणी प्यायला तो सवयीने ओसरीच्या कोपऱ्यातल्या माठाकडे निघाला. वडिलांचं बोट धरून यायचा तेव्हापासून या घरात तो आपल्या हाताने पाणी घ्यायचा. मुसलमानाच्या पोराने माठाला शिवू नये म्हणणाऱ्या शेजारणीला चिमाबाईंनी एकदा इथेच झापलं होतं.

“पोरी,” सुपावरची नजर न काढता चिमाबाई म्हणाल्या, “पावन्यास्नी पानी दे.”

इर्शाद मागे फिरला आणि ओसरीच्या कडेला बसला. प्रेरणाने ताटलीत पेला ठेवून आणला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.