नवव्या भागाची चिठ्ठी

मंगळावरचे शत्रू पृथ्वी जिंकायला निघतात आणि त्यांची उडती तबकडी बघावी, तर सरळसरळ पातेल्यावरचं झाकण! वर बांधलेली दोरीही दिसते. पण सदानंदचा जीव असल्याच जुन्या, काळ्यापांढऱ्या सिनेमालिकांत अडकलेला. बारा भाग, दर भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात, आणि पुढच्या भागात तो असा काही सुटणार की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. ही फसवणूक सदानंदला मनापासून आवडायची.

दोह्यातल्या अल हिलाल भागातल्या त्याच्या फ्लॅटवर शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की देवव्रत यायचा. दोघं एकाच स्टेडियमच्या कामावर. सदानंद तपासणी इंजिनिअर, देवव्रत प्लॅनिंगमध्ये. वर्ल्डकपला वर्ष उरलं होतं. त्यांचे नियम दोनच. आठवड्याला एकच भाग, पुढचं चोरून बघायचं नाही. आणि नायक कसा सुटेल ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. डबा पुढच्या शुक्रवारी उघडायचा. जिंकेल त्याला सदानंदच्या बायकोच्या, नमिताच्या हातची शेवटची चकली. आजवर कोणी जिंकलं नव्हतं. आपला लॅपटॉप दगा देईल या भीतीने सदानंदने सगळ्या भागांची एक प्रत देवव्रतकडेच ठेवली होती. लॅपटॉप बिचारा इमानी निघाला.

स्टेडियम संपत आलं, आता माणसं कमी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्याच अल रय्यानच्या एका कंपनीने सदानंदला बोलावलं होतं. हो-नाही गुरुवारपर्यंत कळवायचं होतं. मुलीची, ईश्वरीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, तोवर दोहा सोडून चालणार नव्हतं, आणि हातात नोकरी नसेल तर इथे राहता येत नाही. म्हणून बुधवारी त्याने देवव्रतला साइटवर गाठलं.

"कपातीची यादी तुझ्या हातून जाते. माझं नाव आहे का, एवढंच सांग."

"वेडा आहेस का? खलास, तो विषय सोड," देवव्रतने पाठीवर थाप मारली. सदानंदने त्याच संध्याकाळी अल रय्यानला नकार कळवला.

शुक्रवारी नववा भाग लागला. कुलूपबंद खोलीत यंत्रमानव नायकाच्या अंगावर आला, त्याचा डावा हात खांद्यातून गळून पडला, आणि त्याच हाताने नायकाने कुलूप फोडलं! सदानंद पोट धरधरून हसला. नमिताने डबा उघडून वरची चिठ्ठी वाचली, "यंत्रमानवाचा डावा हात निखळतो, त्याने नायक कुलूप फोडतो. अगं बाई! भावजी, डावासुद्धा?"

देवव्रत हसला, पण उशिरा.

"तू बघितलायस," सदानंद म्हणाला.

"एकदा तरी जिंकावं वाटलं रे."

"कधी बघितलास?"

"दोन आठवडे झाले. मालिकाच शेवटपर्यंत बघितली."

सदानंदला आधी नुसता राग आला, लहान मुलाला येतो तसा. "तीनच शुक्रवार राहिलेत की! एवढी कसली घाई?"

देवव्रत चकलीच्या ताटलीकडे बघत म्हणाला, "यादी तेव्हाच गेली, सदा. तुझं नाव आहे. रविवारी पत्र मिळेल. मग तू मला दारात उभं करणार नाहीस, म्हणून शेवट बघून घेतला."

"आणि बुधवारी?"

"तू लगेच निघून गेला असतास, तर तपासणीच्या सह्या अडकल्या असत्या. नोटिशीच्या महिन्यात तू त्या उरकशील. स्टेडियम ताब्यात द्यायची, हँडओव्हरची तारीख माझ्या नावावर आहे."

गळा कापून वर मालिकेचा शेवटही बघून घेतलेला हा माणूस अजून आपल्याच सोफ्यावर बसलाय, याचीच सदानंदला शिसारी आली. ओरडावंसं फार वाटलं, पण आतल्या खोलीत ईश्वरी अभ्यास करत होती. नमिताने ताटली देवव्रतपुढे सरकवली. "घ्या भावजी, जिंकलात ना."

त्याने हात लावला नाही. चपला घालून तो गेला.

"परीक्षेचं काय करायचं?" नमिताने हळूच विचारलं. सदानंदने लॅपटॉप मिटला. काहीतरी करायचं म्हणून तिने डब्यातली उरलेली चिठ्ठी उलगडली. अक्षर नवऱ्याचं होतं. 'त्याचा मित्र वेळेवर येऊन दार उघडेल.'

तिने ती मोठ्याने वाचली नाही. घडी घालून परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.